वरेण्याचे भय

समाजात घडणाऱ्या बदलांची वर्गवारी करताना अभ्यासक बहुधा त्यांचा वेग पाहतात, व्याप्ती पाहतात, तो बदल कायद्याने आला की लोकमताच्या रेट्याने आला याची चर्चा करतात. त्या बदलाची किंमत केव्हा भरली गेली आणि ती कोणाच्या पदरातून गेली, हा प्रश्न मात्र चर्चा संपत आली की तळटीपेसारखा येतो. वास्तविक तो आधी विचारायला हवा. ज्या बदलात लाभ आधी हाती येतो आणि किंमत पुढे कधीतरी, हप्त्याहप्त्याने किंवा दुसऱ्याच कोणाला तरी भरावी लागते, त्याला सोयीचा बदल म्हणता येईल. असे बदल समाज सहज स्वीकारतो आणि त्यांचे स्वागतही करतो. ज्या बदलात किंमत आधी, स्वतःच्या पदरची आणि फळाची कोणतीही हमी नसताना मोजावी लागते, त्याला मात्र धैर्य लागते. येथे धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते, परंतु अभय आणि धैर्य या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ज्याचे भयच नाहीसे झाले आहे त्याला धैर्याची गरज उरत नाही. धैर्य हा भय असलेल्यांचा गुण आहे, आणि भय खरे असते, कारण तोटाही खरा असतो.

या प्रश्नाचा विचार करायला जालना जिल्ह्यातील राजूर हे गाव विशेष सोयीचे आहे. भोकरदन तालुक्यातील, जालना–भोकरदन रस्त्यावरचे हे गाव टेकडीवरील गणपतीमुळे साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांच्या परंपरेत राजूरची गणना पूर्ण पीठात होते. देवीच्या साडेतीन शक्तिपीठांप्रमाणेच गाणपत्य संप्रदायानेही आपल्या स्थानांची अशी मांडणी केली आहे. अंगारकीला, म्हणजे मंगळवारी येणाऱ्या संकष्टी चतुर्थीला, जालन्यासह आजूबाजूच्या जिल्ह्यांतून भाविक रात्रभर पायी चालत राजूर गाठतात. त्यांतील अनेकजण नवस बोलायला येतात आणि अनेकजण बोललेला नवस फेडायला. नवसाची रचना हा एक करारच असतो, कारण त्यात देवाने आधी द्यायचे आणि भक्ताने मागाहून फेडायचे असते. मूल झाले, नोकरी लागली, विहिरीला पाणी लागले, की मग मोदकांचा नैवेद्य, मग पायी वारी. या पद्धतीला हिणवण्याचे कारण नाही. ज्या प्रदेशात पिकाचे भवितव्य जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील ढगांवर ठरते आणि सावकारापासून बँकेपर्यंत सगळेच आधी तारण मागतात, तेथे तारण न मागता पत देणारा एखादा देव असणे ही माणसाची गरज आहे. शिवाय काहीही न मागता अनवाणी चालत येणारेही असतातच. तरीही एवढे खरे, की नवसाच्या हिशेबाने सामाजिक बदल होत नाही. आधी सुधारणा दिसू द्या, तिचा लाभ होऊ द्या, मग आम्ही आमचा वाटा देऊ, असे म्हणणारा समाज जागचा हलत नाही, कारण प्रत्येकजण फळ दिसण्याची वाट पाहत असतो आणि फळ येण्यासाठी कोणीतरी आधी मोजलेले असावे लागते.

राजूरची स्वतःची कथा मात्र नवसाची नाही आणि तिच्याकडे द्यावे तेवढे लक्ष दिले जात नाही, असे म्हणावे लागते. गणेशपुराणाचे उपासनाखंड आणि क्रीडाखंड असे दोन भाग आहेत. क्रीडाखंडात वरेण्य राजाची कथा येते, आणि या वरेण्याचे राजसदन म्हणजेच आजचे राजूर, अशी स्थानिक श्रद्धा आहे. वरेण्याची राणी पुष्पिका हिच्या कुशीशी एके सकाळी एक विलक्षण बालक आढळले. त्याचे मुख हत्तीचे होते, हात चार होते, रूप कोणी कधी न पाहिलेले होते. राजवाड्यात भय पसरले. हे कुलावर येणारे अरिष्ट आहे, असे राजाला सांगण्यात आले आणि राजाने त्या बालकाला अरण्यात नेऊन टाकण्याची आज्ञा दिली. तेथून जाणाऱ्या पराशर ऋषींनी ते उचलले, आश्रमात नेले आणि वाढवले. पुढे त्याच गजाननाने सिंदूरासुराचा वध केला, तेव्हा आपण कोणाला टाकून दिले होते हे राजाला उमगले. पश्चात्तापाने पोळलेल्या त्या राजाला गजाननाने जो उपदेश केला तो गणेशगीता या नावाने ओळखला जातो. तिचे अकरा अध्याय आहेत, आणि उपदेश ऐकून वरेण्य राज्य सोडून वनात गेला, असे पुराण सांगते.

या कथेत लक्षात राहण्यासारखी गोष्ट ही, की वरेण्य दुष्ट नाही. तो प्रजाहितदक्ष आहे आणि त्याने सल्ला घेऊनच निर्णय घेतला. कोणत्याही जबाबदार राजाने जे केले असते तेच त्याने केले. अपरिचित रूपाचे काहीतरी घरात जन्माला आले, त्याच्यामुळे काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हते, आणि अशा वेळी ते दाराबाहेर ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होता. सोयीच्या निर्णयाला खलनायक लागत नाही. त्याला सल्लागार पुरतात. त्या निर्णयाची किंमत राजाने भरली नाही, ती त्या बालकाने भरली. आणि राजाच्या वाट्याला आलेली शांतता ही दुसऱ्याच्या खात्यातून काढलेली होती. पराशरांच्या बाबतीत उलट घडले. त्यांना ते मूल कोण हे माहीत नव्हते, ते पुढे असुराचा संहार करील याची हमी कोणी दिलेली नव्हती; अरण्यात रडणारे मूल पाहून त्यांनी त्याला जवळ केले, एवढेच. फळ ठाऊक नसताना आधी जबाबदारी घेणे, या अर्थाने आश्रमात जे घडले ते धैर्य होते. आता कोणी म्हणेल, की ऋषीला गमावण्यासारखे राज्य नव्हते, म्हणून त्याला धैर्य परवडले. हा आक्षेप वरवर पटणारा आहे. पण ज्यांच्याकडे थोडे असते त्यांचे थोडेही जाऊ शकते, आणि मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासात ते गेलेले आहे.

राजूर ज्या हैदराबाद संस्थानात होते त्या संस्थानाचा कारभार 1911 पासून सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या हाती होता. या संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांत सभा भरवणे हेच मुळात धाडसाचे होते, कारण ‘गश्ती निशाण 53’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या सरकारी आदेशाने, म्हणजे खात्याखात्यांत फिरवल्या जाणाऱ्या परिपत्रकाने, जाहीर सभेला पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. अशा परिस्थितीत 1937 साली परतूर येथे, म्हणजे आज जालना जिल्ह्यात असलेल्या गावी, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परिषदेच्या मागण्या आजच्या नजरेला अगदी सौम्य वाटतात. मातृभाषेतून शिक्षण, नागरी स्वातंत्र्य, लोकांना जबाबदार असणारे शासन एवढेच त्यांत होते. परंतु मागणी सौम्य की जहाल हे तिच्या शब्दांवरून ठरवणे ही इतिहासलेखकाची सोय असते. ती ज्या वेळी केली गेली त्या वेळी ती करणाऱ्याचे काय जाऊ शकत होते, यावरून तिचे वजन ठरते. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना व्हायची होती, तर सप्टेंबर 1938 मध्ये निजाम सरकारने संस्था जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. वरेण्याने निदान मूल जन्मल्यावर टाकले होते, असा शेरा येथे मारण्याचा मोह होतो.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, म्हणजे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ते मुळात शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी जे काम उभे केले होते ते समाधान देणारे, प्रतिष्ठेचे आणि समाजाच्या खरोखर उपयोगाचे होते. 1938 मध्ये त्यांनी ते सोडून राजकीय लढ्यात उडी घेतली आणि त्याच वर्षी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. चांगल्या कामातच आराम दडलेला असतो, ही गोष्ट धैर्याच्या चर्चेत बहुधा निसटते. आळस किंवा स्वार्थ सोडणे अवघड असते हे सर्वांना ठाऊक आहे. पण जे काम आपल्याला शोभते, ज्यात आपण तरबेज आहोत आणि ज्याबद्दल गाव आपला मान राखते, ते काळाची गरज बदलली म्हणून सोडून अनोळखी कामाला हात घालणे त्याहून अवघड असते. संन्यास घेतलेल्या माणसाला घर सोडावे लागत नाही, परंतु त्यालाही आपली शाळा सोडावी लागली.

त्याच 1938 च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट सोडला नाही, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. म्हणजे शिक्षा एका वर्षाची नव्हती, ती एका आयुष्याच्या बेतावर पडलेली कुऱ्हाड होती. मराठवाड्यातील लहान गावांतून शिकायला गेलेल्या त्या पहिल्या पिढीच्या घरांत मुलाचे शिक्षण हीच एकमेव गुंतवणूक असायची. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना प्रवेश दिला आणि पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक होते, हे आज अभिमानाने सांगितले जाते. परंतु वसतिगृहाच्या प्रार्थनेला उभे राहताना त्यांतील कोणाच्याही हाती नागपूरचे प्रवेशपत्र नव्हते. धैर्याच्या कथा शेवट ठाऊक झाल्यावर लिहिल्या जातात, म्हणून त्या प्रत्यक्षाहून सुबक दिसतात.

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा स्वामीजी पुन्हा अटकेत गेले आणि मराठवाड्याला आणखी 13 महिने थांबावे लागले. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सामान्य मुस्लिम कुटुंबांवर जो सूड उगवला गेला त्याची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, आणि तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही, हे मात्र त्या दिवशीच्या भाषणांत क्वचितच येते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांची किंमत ज्यांनी ते केले त्यांच्याकडून वसूल होण्याऐवजी ती त्यांच्या धर्माच्या, पण निरपराध शेजाऱ्याकडून वसूल झाली. लढा धैर्याचा होता हे सत्य त्यामुळे पुसले जात नाही. पण धैर्याने मिळवलेल्या विजयाचे देणे चुकीच्या दारावर जाऊ शकते, हेही त्या इतिहासाचाच भाग म्हणून लिहायला हवे, आणि ते लिहायला आजही थोडे धैर्य लागते.

मुक्तीनंतर तीस वर्षांनी याच प्रदेशाची दुसरी परीक्षा झाली. औरंगाबादला 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले, जे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्या माणसाने या प्रदेशातील दलित मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले त्याचे नाव विद्यापीठाला द्यावे, ही मागणी पुढे आली आणि 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. ठराव करणे सोपे होते, कारण सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाचेही घर त्यासाठी पणाला लागलेले नव्हते. ते लागले खेड्यांतल्या दलित वस्त्यांचे. ठरावाची बातमी पोहोचताच मराठवाड्यात हिंसाचार उसळला. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, विहिरींवरचे पाणी आणि शेतांवरचे काम बंद झाले, अनेक कुटुंबे गाव सोडून शहराच्या आश्रयाला गेली. सरकारने ठरावाची अंमलबजावणी स्थगित ठेवली. 1979 साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, अनेकांनी तुरुंग भोगला, आणि 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. नामांतर आणि नामविस्तार यांतील फरक असा, की पहिल्यात जुने नाव जाऊन नवे येते, तर दुसऱ्यात जुने नाव राहून त्यात नव्याची भर पडते. म्हणजे साडेपंधरा वर्षांनी जे हाती आले ते तडजोडीचे होते. आणि त्यासाठी जे मोजले गेले त्यात कोणतीही तडजोड नव्हती.

या प्रकरणात अभ्यासकाला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. नामांतराला विरोध करणारे सगळेच गावगुंड नव्हते. त्यांत मराठवाड्याच्या अस्मितेचा, म्हणजे प्रदेशाच्या स्वतंत्र ओळखीचा, प्रामाणिक अभिमान असणारे लोक होते आणि मुक्तिसंग्रामात स्वतः सर्वस्व पणाला लावलेले गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेतेही होते. त्यांनी हिंसेचे समर्थन केले नव्हते. त्यांचा मुद्दा होता, की ‘मराठवाडा’ या नावामागे निजामाविरुद्धच्या लढ्याची स्मृती आहे. मुद्दा खोटा नव्हता. परंतु ज्या स्मृतीसाठी त्यांनी तारुण्य वेचले होते, तीच स्मृती आता त्यांचे घर बनली होती, आणि त्या घराच्या दाराशी एक वेगळ्या रूपाची मागणी येऊन उभी राहिली तेव्हा तिच्यात त्यांना अरिष्ट दिसले. दुसरीकडे एस. एम. जोशी यांच्यासारख्या वृद्ध समाजवादी नेत्याने नामांतराची बाजू घेतली आणि त्याबद्दल स्वतःच्याच लोकांकडून अपमान सोसला. दोघांचीही पूर्वायुष्ये त्यागाची होती. यावरून एवढे म्हणता येते, की धैर्य ही साठवून ठेवता येणारी ठेव नाही. 1938 मध्ये भरलेल्या किमतीची पावती 1978 मध्ये चालत नाही. किंबहुना जुने धैर्य नव्या आरामाचा पाया बनते, आणि तो आराम इतका सन्मानाचा असतो, की त्याला आराम म्हणण्याचे इतरांनाही साहस होत नाही. मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांबद्दल आदर बाळगूनच हे विधान करावे लागते.

राजूरच्या परिसरात आज बदलाचा जो प्रश्न रोज समोर येतो तो मात्र नावाचा नाही, पाण्याचा आहे. तेथे जाण्यापूर्वी बियाण्यांचा उल्लेख केला पाहिजे, कारण जालना शहर देशाच्या बियाणे उद्योगाच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान राखून आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली तेथे महिको ही कंपनी स्थापन केली, संकरित बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले, आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित ज्वारी किंवा कापूस पहिल्यांदा पेरणाऱ्या शेतकऱ्याने धोका पत्करला होता यात शंका नाही; परंतु त्याचे पीक एकदा शेजाऱ्याने बांधावरून पाहिले, की पुढच्या हंगामात गाव त्या बियाण्याकडे वळत असे. वस्तू बदलणे सोपे असते, कारण त्यात माणसामाणसांतील नाते बदलावे लागत नाही. पाण्याचे तसे नाही. मराठवाड्याचा हा भाग बेसॉल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही मर्यादितच. एकाने दोनशे, तीनशे फुटांची बोअर घेतली की शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारी त्याहून खोल जातो. प्रत्येक बोअर हा त्या त्या शेतकऱ्यापुरता शहाणपणाचा निर्णय असतो, आणि सगळे शहाणपण एकत्र केले की गावाला टँकर लागतो. टँकर हा सोयीच्या बदलाचा चोख नमुना म्हणावा लागेल. तो पाणी देतो आणि प्रश्न पुढच्या उन्हाळ्यावर ढकलतो.

2012–13 च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. त्या काळात जालना तालुक्यातील कडवंची या गावातील द्राक्षबागा तगल्या आणि वर्तमानपत्रांचे लक्ष तिकडे गेले. कडवंचीत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम केले होते. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस एकाच ओढ्यानाल्याकडे उतरत येतो ते संपूर्ण क्षेत्र. अशा क्षेत्रावर माथ्यापासून पायथ्याकडे बांधबंदिस्ती करत यायचे, म्हणजे पाणी धावत नाही, चालते. आणि चालणारे पाणी मुरते. तंत्र एवढेच आहे आणि ते समजायला अवघड नाही. अवघड होत्या त्या या कार्यक्रमाच्या अटी. गावाने श्रमदान करायचे, तेही निधी येण्याआधी. डोंगरउतारावर चराईबंदी म्हणजे मोकाट गुरे चारण्यास मनाई, कुऱ्हाडबंदी म्हणजे झाडतोडीस मनाई, आणि पाणी अधिक पिणाऱ्या पिकांना आळा. म्हणजे येथेही किंमत आधी होती आणि पाणी नंतर, तेही पाऊस पडला तर.

या अटींतील एक बाब स्तुतीच्या ओघात वाहून जाऊ नये. चराईबंदीची झळ ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याला बसत नाही, कारण त्याची जनावरे बांधावरच्या गवतावर आणि कडब्यावर निभावतात. ती बसते चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीनाला, ज्याच्यासाठी गायरान हेच शेत असते. डोंगरावर गवत आले, खाली विहिरी भरल्या आणि भरलेल्या विहिरी ज्यांच्या त्यांच्या मालकीच्या राहिल्या, तर शेळीवाल्याने दुसऱ्याच्या द्राक्षबागेसाठी किंमत मोजली असा त्याचा अर्थ होतो. पाणलोटाच्या कामात ज्या गावांनी शेळीऐवजी अन्य उपजीविका, कापलेल्या चाऱ्यात वाटा, बारमाही मजुरी असा मार्ग काढला तेथे तो बदल टिकला. जेथे काढला नाही तेथे काही वर्षांनी बंदी कागदावर उरली. गावाच्या धैर्याचे कौतुक करताना गावातील नेमक्या कोणत्या घराने धीर धरला, हे विचारल्याशिवाय ते कौतुक पुरे होत नाही.

यशाचीही आपली एक सोय तयार होते. कडवंचीचे पाहून जिल्हाभर शेततळी वाढली, 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या शासकीय योजनेने त्यांना अनुदान दिले, आणि हळूहळू प्लास्टिकचे अस्तर लावलेली तळी पावसाच्या वाहत्या पाण्याऐवजी विहीर आणि बोअरचे पाणी उपसून भरली जाऊ लागली. जमिनीखाली जे पाणी सर्वांचे होते ते वर काढून, उन्हात उघडे ठेवून, एकाच्या मालकीचे करणारी ही पद्धत मूळ तळ्याच्या कल्पनेच्या नेमकी उलट आहे. जलसंधारणाचे साधन तेच राहिले आणि त्यामागचा संयम गळून पडला. याला आळा घालणारा कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 साली संमत झाला आणि 2014 पासून अमलात आला. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. तरीही उन्हाळ्यात मराठवाड्याच्या रस्त्यांवरून बोअरच्या गाड्या दिवसाढवळ्या फिरतात आणि त्यांना कोणी अडवत नाही, कारण अडवणाऱ्या तलाठ्यालाही त्याच गावात राहायचे असते आणि बोअर घेणारा बहुधा सरपंचाचा भाऊबंद असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण येथे वारंवार दिले जाते आणि त्याला कंटाळलेले लोकही पुष्कळ आहेत. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात या गावाने पाण्यासाठी जे केले त्यातील बांधबंदिस्ती आणि झाडे पाहायला बसगाड्या भरून माणसे जातात, फोटो काढतात आणि परत येऊन आपल्या गावात एक बंधारा बांधतात. त्या गावाने शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली आणि ऊस, केळी यांसारख्या पिकांना नकार दिला, हा भाग मात्र सहलीत दिसत नाही, कारण न घेतलेल्या बोअरचा फोटो निघत नाही. तेथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढले जाते, आणि उरलेल्यात रब्बीचे कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यायचे ते ठरते. पाऊस कमी झालेल्या वर्षी हा ताळेबंद रब्बीचा पेरा आखडायला सांगतो, आणि ज्याच्या स्वतःच्या विहिरीत त्या वेळी भरपूर पाणी उभे असते त्यालाही तो पाळावा लागतो.